मुसोलिनीच्या गावी

इटलीला जाऊन आलेल्या आपल्याकडच्या माणसाने काय काय पाहिले असेल, हे त्याला न विचारताही सांगता येते. रोमचे कोलोसियम, फ्लॉरेन्सचे पुतळे, व्हेनिसची होडी आणि पिसाचा कललेला मनोरा. मनोऱ्याला हाताचा टेकू दिल्याचे छायाचित्र निघाले की यात्रा सुफळ संपूर्ण! मीही हे सारे यथासांग केलेले आहे. त्यामुळे गेल्या एप्रिलात पुन्हा इटलीला जाण्याचा योग आला, तेव्हा या चारही तीर्थांना दुरून नमस्कार करून एक वेगळेच गाव मनाशी ठरवले होते.

गावाचे नाव प्रेदाप्पिओ. वस्ती सहा हजारांच्या आसपास. भोवती द्राक्षांचे मळे, मागे डोंगर. यात्रा कंपनीच्या पत्रकात हे नाव सापडायचे नाही. तरीसुद्धा दर वर्षी हजारो माणसे तिथे जातात, आणि ती काही डोंगर पाहायला जात नाहीत. बेनितो मुसोलिनी तिथे जन्मला आणि तिथेच त्याचे थडगे आहे.

तुम्ही म्हणाल, जगात पाहण्यासारखे इतके असताना हे कुठले खूळ? तर त्याला कारण झाला आमच्या शेजारचा मुलगा. चांगला, हुशार, आईला बाजाराची पिशवी उचलू न देणारा. एकदा जिन्यात गाठ पडली तेव्हा त्याने मोबाइलवर एक चित्र दाखवले. काळा सदरा, पुढे काढलेली हनुवटी, कमरेवर हात आणि मागे नगाऱ्यांचे संगीत. म्हणाला, "काका, असा माणूस पाहिजे बघा! याच्या राज्यात आगगाड्या घड्याळ लावून घ्यावे अशा धावत." हा माणूस कसा मेला, हे त्याला ठाऊक नव्हते; आगगाड्यांचे मात्र पक्के ठाऊक होते. अशी मुले एकट्या आपल्याकडे आहेत असे नाही. मिलानपासून अमेरिकेपर्यंत ती सापडतात आणि रात्री-अपरात्री एकमेकांना ही चित्रे धाडतात. मला वाटले, ज्या मातीत हे पीक पहिल्यांदा आले, त्या मातीला आज काय वाटते ते तरी पाहावे.

बोलोन्याहून फोर्ली हा तासाभराच्या आतला प्रवास. आमची गाडी वीस मिनिटे उशिरा आली. फलाटावरच्या एकानेही त्यावरून हुकूमशहाची मागणी केलेली मला आढळली नाही. मंडळी शांतपणे कॉफी पीत होती. पहिल्या महायुद्धात मोडकळीला आलेले इटलीचे रेल्वेमार्ग दुरुस्त करण्याचे काम मुसोलिनी सत्तेवर येण्याच्या आधीच सुरू झाले होते, आणि त्याच्या काळातही सगळ्या गाड्या वेळेवर नव्हत्या. पण आगगाडीची ती दंतकथा मात्र शंभर वर्षे अगदी वेळेवर धावते आहे.

फोर्ली हे जिल्ह्याचे गाव. मधोमध चौक आहे त्याला आउरेलिओ साफ्फीचे नाव दिलेले आहे. हे नाव आपल्याला नवे असले तरी त्याचा सोबती नवा नाही. १८४९ च्या रोमच्या प्रजासत्ताकाचा कारभार ज्या तिघांच्या हाती होता, त्यांतला एक साफ्फी आणि दुसरा जोसेफ मॅझिनी. सावरकरांनी १९०७ मध्ये मराठीत आणलेल्या मॅझिनीचे नाव आपल्या आजोबांच्या पिढीच्या ओठांवर होते. तेव्हा या चौकात उभे राहिल्यावर अगदीच परक्या मुलुखात आल्यासारखे वाटत नाही. हा सारा रोमान्या प्रांतच प्रजासत्ताकवाल्यांचा आणि समाजवाद्यांचा. राजा आणि पुरोहित या दोघांशीही त्याचे कधी फारसे जमले नाही.

मुक्काम होता एका आजीबाईंच्या घरी. वय पंच्याऐंशीच्या घरात, डोळ्यांत मिश्कीलपणा आणि स्वयंपाकघरावर एकछत्री अंमल. नात इंग्रजी जाणणारी. तिच्या मध्यस्थीने आमचा संवाद चाले. मी प्रेदाप्पिओला जाणार म्हटल्यावर आजीबाईंनी भुवया वर केल्या आणि नातीला काही सांगितले. नात हसून म्हणाली, "आजी विचारते आहे, तुम्ही काळा सदरा आणला आहे का? उद्या तिथे त्यांची जत्रा आहे."

खरोखरच जत्रा होती. इटलीत २५ एप्रिल हा फॅसिस्टांपासून सुटका झाल्याचा राष्ट्रीय सण. २८ एप्रिल हा मुसोलिनीला गोळ्या घातल्याचा दिवस. एकाच आठवड्यात एक घर सण करते आणि दुसरे श्राद्ध! प्रेदाप्पिओत वर्षातून तीनदा चाहते जमतात. जुलैमध्ये त्याच्या जन्मदिवशी, एप्रिलमध्ये मृत्युदिनी आणि २८ ऑक्टोबरला, म्हणजे १९२२ साली फॅसिस्टांनी रोमवर चाल केली त्या तारखेला. दैवगती अशी की, प्रेदाप्पिओ गाव फॅसिस्टांच्या हातून सुटले तेही २८ ऑक्टोबरलाच, १९४४ साली. त्यामुळे त्या दिवशी गावात दोन मिरवणुका निघू शकतात, आणि दोघांचीही तारीख बरोबर असते.

फोर्लीहून बसने अर्धा तास गेल्यावर गाव लागले. पहिली गोष्ट नजरेत भरते ती रस्त्याची रुंदी. एवढ्याशा गावाला एवढा रस्ता म्हणजे लहान मुलाने बापाचा कोट घालावा तसे. जुने प्रेदाप्पिओ वर डोंगरात आहे. तिथे दरड कोसळली, तिचे निमित्त झाले आणि १९२५ पासून सरकारी पैशाने खाली हे नवे गाव वसवले गेले. भले मोठे चर्च, कमानींच्या इमारती, विमानांचा कारखाना आणि भर चौकात उंच मनोऱ्याचे पक्षकार्यालय. सगळे चाहत्यांनी येऊन डोळे दिपवून घ्यावेत म्हणून. त्या काळी इथे सरकारी सहली येत. अनवाणी पोराचा देशाचा नेता झाला ही कथा दाखवायला एक गरिबाचे घर लागते, ते या वैभवाच्या मधोमध जपून ठेवले होते.

ते घर अजून आहे. दगडी, साधे, दोन मजली. बाप आलेस्सांद्रो लोहार, आई रोझा शाळेत शिक्षिका. बाप कट्टर समाजवादी. त्याने १८८३ साली जन्मलेल्या मुलाचे नाव ठेवले बेनितो आमिल्कारे आंद्रेआ. पहिले नाव मेक्सिकोच्या ज्वारेझवरून, उरलेली दोन इटलीतल्या दोघा समाजवादी पुढाऱ्यांवरून. म्हणजे ज्यांच्या अनुयायांना पुढे या मुलाने तुरुंगात घातले, त्यांचीच नावे तो जन्मभर अंगावर वागवत होता.

घरापासून खाली आलो आणि दुकानांपाशी थबकलो. आपल्याकडे आळंदीला किंवा पंढरपूरला देवळाबाहेर जशी दुकाने असतात तशीच ही. फरक इतकाच की बुक्का आणि तुळशीमाळांच्या जागी मुसोलिनी मांडलेला. मुसोलिनीच्या छापाचे कप, मुसोलिनीची दिनदर्शिका, मुसोलिनीचे चित्र लावलेली दारूची बाटली, सिगारेट पेटवायचे मुसोलिनी, किल्ल्या अडकवायचे मुसोलिनी. लहान बाळाच्या अंगड्यावरही तीच हनुवटी. एका कोपऱ्यात लाकडी दंडुके ओळीने ठेवलेले. घेणाऱ्याने तो दिवाणखान्यात टांगायचा असतो, असे दुकानदाराने मला समजावून सांगितले. इटलीत फॅसिस्ट पक्ष पुन्हा उभारायला घटनेनेच बंदी आहे आणि १९५२ पासून त्यासाठी वेगळा कायदाही आहे. कप आणि दिनदर्शिकांचा व्यापार मात्र चालूच आहे.

तो दंडुका हातात घेऊन पाहिला. हलका होता. १९२१-२२ मध्ये या रोमान्यात जो फिरत होता तो इतका हलका नव्हता. रात्री मालवाहू मोटारी यायच्या. त्यांतून काळे सदरे उतरायचे. समाजवादी पुढाऱ्याला, सहकारी संस्थेच्या चिटणिसाला, शाळामास्तरला घरातून ओढून काढायचे, बायकामुलांदेखत दंडुक्यांनी झोडपायचे आणि तोंड उघडून एरंडेल पाजायचे. आपल्याकडे लहानपणी महिन्यातून एकदा आई जे एरंडेल देई ते आठवून हसू नका. इथे ते बाटलीने ओतत, आणि त्यात माणसे मेलीही. जगली त्यांना भररस्त्यातून घाणीने भरलेल्या कपड्यांनिशी घरी चालत जावे लागे, आणि तोच त्यातला हेतू होता. जुलै १९२२ मध्ये रावेन्नाच्या सहकारी संस्थांची मोठी कचेरी त्यांनी जाळली. शेतमजुरांनी पै-पै जमवून ती उभी केली होती. दुकानात कप होते, बाटल्या होत्या, दंडुका होता. एरंडेलाची बाटली काही मला दिसली नाही. चाहत्यांची आवड-निवड इथे कळते.

गावाबाहेर सान कास्सियानोचे दफनस्थान. तिथे तळघरात मुसोलिनीचे थडगे. वर त्याचे संगमरवरी डोके, खाली फुले, बाजूला नोंदवही. इथवर पोचायला त्याला बारा वर्षे लागली. २८ एप्रिल १९४५ रोजी कोमो सरोवराकाठी त्याला गोळ्या घातल्या. दुसऱ्या दिवशी मिलानच्या एका चौकात पेट्रोल पंपाच्या छपराला प्रेत उलटे टांगले. मग खूण नसलेल्या खड्ड्यात पुरले. एका वर्षाने काही चाहत्यांनी ते रात्रीतून उकरून पळवले. सरकारने शोधून काढले आणि मठात अकरा वर्षे लपवून ठेवले. १९५७ साली ते कुटुंबाच्या स्वाधीन झाले. त्या वेळच्या सरकारला संसदेत नवफॅसिस्टांच्या मतांची गरज होती, हेही सांगून टाकलेले बरे.

तळघरातून वर आलो तोच मिरवणूक आली. काळे सदरे, झेंडे, काही जुनी पदके, काही मोटारसायकली. म्हातारे थोडे, मधल्या वयाचे पुष्कळ आणि तरुण अपेक्षेहून जास्त. एकाने नाव पुकारले आणि सर्वांनी हात पुढे करून "हजर!" असा घोष केला. गावातली माणसे आपापल्या खिडक्या लावून घेत होती किंवा कॉफीच्या दुकानात पाठ करून बसली होती. या गावाने युद्धानंतर २०१९ पर्यंत एकसारखे डाव्यांचे नगराध्यक्ष निवडले. जत्रा दुसऱ्यांची, गाव मात्र आपले, असा तो संसार.

मिरवणूक पांगल्यावर एक तिशीतला तरुण माझ्या शेजारच्या टेबलावर येऊन बसला. उत्तरेकडच्या शहरातून मोटारसायकलवर आलेला. दंडावर गरुड गोंदलेला, छातीवर इंग्रजी अक्षरे असलेला काळा सदरा. मी हिंदुस्थानातून आलो हे ऐकून त्याला आनंद झाला. त्याने मला कॉफी पाजली. इंग्रजी मोडके होते, पण मन मोकळे होते.

"तुम्ही दर वर्षी येता?"

"चुकवत नाही."

"आवडते काय त्याच्यातले?"

तो थोडा विचार करून म्हणाला, "आज सगळे मला शिकवतात. सरकार शिकवते, वर्तमानपत्रे शिकवतात, युरोपचे साहेब शिकवतात. काय बोलावे, काय बोलू नये. मला कुणी शिकवलेले चालत नाही. म्हणून मी इथे येतो."

"लग्न झाले आहे का?"

"छे! मोकळा आहे," असे म्हणून त्याने मोटारसायकलकडे बोट दाखवले. मग पंतप्रधानांपासून आपल्या गावच्या फौजदारापर्यंत सगळ्यांचा त्याने खणखणीत आवाजात उद्धार केला, माझा हात जोराने हलवून निरोप घेतला आणि भुर्रकन निघून गेला.

मला तो मनुष्य म्हणून आवडला. म्हणूनच त्याच्याविषयी वाईट वाटले. समजा, त्याच्या मोटारसायकलीने त्याला नव्वद वर्षे मागे, त्याच्या लाडक्या राज्यात नेऊन सोडले असते तर? पंचवीस वर्षांवरच्या अविवाहित पुरुषांवर १९२७ पासून खास कर होता. तो याला पहिल्या महिन्यात भरावा लागला असता. शनिवारी दुपारी मोटारसायकलीवर भटकण्याऐवजी गणवेश घालून कवायत करावी लागली असती. माझा हात हातात घेऊन हलवला, तोही गुन्हाच ठरला असता, कारण हस्तांदोलन बायकी ठरवून पक्षाने ते वर्ज्य केले होते. १९३८ मध्ये तर बोलण्यातला आदरार्थी शब्दही बदलला. आपल्याकडे उद्या सरकारने फर्मान काढावे की 'आपण' म्हणणे बंद, यापुढे सर्वांनी 'तुम्ही' म्हणावे, तसा प्रकार. छातीवरची इंग्रजी अक्षरेही खटकली असती. १९४० मध्ये तर दुकानांच्या पाट्यांवर परकी शब्द लिहिण्याला कायद्याने बंदी आली.

आणि पंतप्रधानांचा तो खणखणीत उद्धार? शेजारच्या टेबलावरच्या माणसाने तो टिपून घेतला असता. १९२६ नंतर दुसरा पक्ष नव्हता, संप नव्हता, स्वतंत्र वर्तमानपत्र नव्हते. राज्याच्या रक्षणासाठी म्हणून नेमलेल्या खास न्यायालयाने साडेचार हजारांवर माणसांना शिक्षा दिल्या. न्यायालयात नेण्याइतकाही पुरावा नसेल त्यांना चौकशीविना लिपारी, उस्तिका, पोन्झा अशा बेटांवर नेऊन टाकत. खाणावळीत नेत्यावर विनोद केला, एवढ्यावर माणसे तिकडे गेली. १९३१ मध्ये विद्यापीठांच्या प्राध्यापकांना राजवटीशी निष्ठेची शपथ घ्यायला लावली. बाराशेंच्यावर प्राध्यापकांपैकी नकार देणारे जेमतेम डझनभर निघाले. राजवटीचे घोषवाक्य होते, विश्वास ठेवा, आज्ञा पाळा, लढा. आमच्या मोटारसायकलवाल्याला यातला मधला शब्द कुणी वाचून दाखवलाच नव्हता.

त्या फॅसिझममध्ये आणि आजच्या चाहत्यांच्या फॅसिझममध्ये पडणारा फरक मला त्या टेबलापाशी दिसला. तो फॅसिझम हे राज्य होते. सकाळी शाळेच्या प्रार्थनेपासून रात्री दारावर पडणाऱ्या थापेपर्यंत तो माणसाला सोडत नसे. चाहत्यांचा फॅसिझम हे चित्र आहे. तो मोबाइलवर उघडता येतो आणि कंटाळा आला की बंद करता येतो. तेव्हा काळा सदरा घालणे ही आज्ञा होती. आज ती हौस आहे. ज्या मोकळिकीच्या जोरावर ही हौस भागते, ती मोकळीक त्या राज्याने पहिल्याच झटक्यात काढून घेतली होती.

बरे, निष्ठावंतांना तरी सुख होते म्हणावे, तर तेही नाही. पक्षाच्या सभासदांत ज्यूही हजारोंनी होते. १९३८ चे वंशकायदे आले तेव्हा त्यांची मुले इतरांबरोबरच शाळेतून बाहेर काढली गेली. रोमवरच्या चालीचे जे चार सेनानी, त्यांतला म्हातारा दे बोनो आणि मुसोलिनीचा प्रत्यक्ष जावई चानो या दोघांना जानेवारी १९४४ मध्ये वेरोनाला खुर्चीला बांधून पाठीत गोळ्या घातल्या. त्यांनी जुलै १९४३ च्या बैठकीत सासऱ्याविरुद्ध मत दिले होते.

संध्याकाळी फोर्लीला परतलो. आजीबाईंनी शेवया शिजत टाकल्या होत्या. जत्रेची हकीगत ऐकून त्या उठल्या, आतून एक डबी आणली आणि माझ्यासमोर ठेवली. तीत एक काळपट लोखंडी अंगठी होती.

नातीने सांगितले ते असे. १९३५ च्या ऑक्टोबरात इटलीने अबिसिनियावर स्वारी केली. आजच्या इथिओपियाचे हे तेव्हाचे नाव. तिथल्या माणसांवर विमानांतून विषारी वायू सोडला. राष्ट्रसंघाने इटलीवर आर्थिक निर्बंध घातले. तेव्हा १८ डिसेंबरला देशभरच्या बायकांनी आपल्या लग्नाच्या अंगठ्या राष्ट्राला द्यायच्या असे फर्मान निघाले. बदल्यात ही लोखंडी अंगठी मिळे. आजीबाईंच्या आईचे लग्न होऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती.

"मनापासून दिली का त्यांनी?" मी विचारले.

आजीबाई म्हणाल्या, "आईला आम्ही विचारले होते. ती म्हणे, रांगेत माझ्या पुढे मास्तरीणबाई होत्या आणि मागे कारखान्याच्या साहेबांची बायको. तुझ्या बाबांची नोकरी कारखान्यात. मन कुठे विचारता?"

बाबांनी पक्षाचे कार्डही घेतले होते. सरकारी नोकरीला तर ते लागेच. त्या कार्डावर फॅसिस्ट पक्षाची तीन आद्याक्षरे असत, आणि घराघरांत हळू आवाजात लोक त्यांचा अर्थ 'कौटुंबिक अडचणीमुळे' असा लावत. विनोदच, पण पोराबाळांच्या संसारी माणसाने घाबरत घाबरत केलेला. हे ऐकताना मला एकदम आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरांची आठवण झाली. आपल्यापैकी किती जणांनी मंगळसूत्र काढून दिले नसते? मी उत्तर काढू पाहिले, आणि ते मला फारसे आवडले नाही.

चाहते त्याही काळात होते, आणि थोर थोर होते. चर्चिल १९२७ साली रोममध्ये मुसोलिनीवर स्तुतिसुमने उधळून आला. रवींद्रनाथ १९२६ साली त्याचे पाहुणे झाले, भारावले आणि बाहेर पडल्यावर खरी हकीगत कळताच जाहीरपणे फॅसिझमचा निषेध करते झाले. नागपूरचे डॉ. मुंजे मार्च १९३१ मध्ये रोमला गेले, मुसोलिनीला भेटले आणि मुलांना लष्करी शिक्षण देणारी बालिला संघटना त्यांना मनापासून भावली, हे त्यांच्या रोजनिशीत नमूद आहे. पंडित नेहरू मार्च १९३६ मध्ये पत्नीच्या अस्थी घेऊन रोममार्गे परतत होते. मुसोलिनीने भेटीचा फार आग्रह धरला. ते गेले नाहीत. गेलेल्या पाहुण्यांना स्वच्छ रस्ते, सशक्त मुले, वेळेवरच्या गाड्या दाखवल्या जात. बेटांवरचे कैदी दाखवले जात नसत. आजच्या चाहत्याला ही सबब नाही. दप्तरखाने उघडे आहेत, कबरी मोजल्या गेल्या आहेत, आणि तरी तो तेच चित्र निवडतो.

मग हे चाहते म्हणजे जत्रेतली सोंगे, त्यांना हसावे आणि सोडून द्यावे काय? इथे मात्र इतिहास जरा दचकवतो. १९१९ च्या निवडणुकीत मुसोलिनीला मिलानमध्ये पाच हजारही मते पडली नाहीत. त्याच्या पक्षाला एकही जागा मिळाली नाही. समाजवाद्यांनी त्याच्या घरावरून त्याची लुटुपुटीची प्रेतयात्रा काढली. शहर पोट धरून हसले. तीन वर्षांनी तो पंतप्रधान झाला.

तो काळ्या सदऱ्यांच्या बळावर झाला, ही त्याने स्वतः पसरवलेली गोष्ट. रोमवर चाल करून गेले ते त्याचे अनुयायी; तो स्वतः मिलानहून आगगाडीच्या शयनगाडीत झोपून आला. सैन्याला ती गर्दी हटवणे अवघड नव्हते. मंत्रिमंडळाने तसा हुकूम तयार केला होता. राजाने त्यावर सही केली नाही. त्याआधी जमीनदारांनी काळ्या सदऱ्यांना पैसे आणि मोटारी दिल्या होत्या. पोलिसांनी पाठ फिरवली होती. आणि नोव्हेंबर १९२२ मध्ये संसदेत त्याच्या सरकारवर विश्वास दाखवणारी मते पडली ३०६, विरुद्ध ११६. त्याच्या स्वतःच्या पक्षाचे खासदार होते अवघे ३५. बाकीची पावणेतीनशे माणसे सभ्य होती, शिकलेली होती, घरी जाऊन मुलांचा अभ्यास घेणारी होती. थोडी शिस्त लागेल, मग आपण त्याला आवरू, असे त्यांना वाटले. दोन वर्षांत मात्तेओत्ती या खासदाराने निवडणुकीतल्या दंडेलीचे वाभाडे संसदेत काढले आणि अकराव्या दिवशी तो भर दिवसा पळवून ठार मारला गेला. तेव्हा ती माणसे दचकली, पण वेळ गेली होती.

दुसऱ्या दिवशी आजीबाईंची नात मला साफ्फी चौकातल्या दिव्याच्या खांबांपाशी घेऊन गेली. ऑगस्ट १९४४ मध्ये फॅसिस्टांनी इथे चौघांची प्रेते टांगली होती. आपल्याकडे बेचाळीस साली ज्यांना भूमिगत म्हणत, तसे हे चौघे. त्यांत इरिस व्हेर्सारी नावाची बावीस-एक वर्षांची मुलगी होती. पायाला गोळी लागल्याने तिला पळता येईना. साथीदार तिला सोडून जाईनात. त्यांनी निघावे म्हणून तिने स्वतःवर गोळी झाडून घेतली. ते खांब अजून तिथेच आहेत. संध्याकाळी त्यांच्यावर दिवे लागतात आणि खाली मुले आइसक्रीम खात हिंडतात.

तिथून रावेन्नाच्या रस्त्याला लागलो. गावाबाहेर हिंदी सैनिकांचे दफनस्थान आहे. पाचशेच्या आसपास साध्या पांढऱ्या शिळा, कापलेली हिरवळ आणि एक स्मारक. ज्यांना त्यांच्या धर्माप्रमाणे अग्नी दिला अशा सातशेंहून अधिक हिंदी सैनिकांची नावे त्या स्मारकावर आहेत. मी गेलो तेव्हा तिथे कुणीही नव्हते. प्रेदाप्पिओचे तळघर इथून वीसेक किलोमीटरवर. तिथे आदल्या दिवशी आत शिरायला रांग होती.

या मुलुखात मराठे लढले. फोर्लीपासून फार दूर नसलेल्या सेनिओ नदीवर ९ एप्रिल १९४५ रोजी नगर जिल्ह्यातल्या निमज गावचा नामदेव जाधव पहिल्या तुकडीबरोबर पलीकडे उतरला. बरोबरचे जवळजवळ सारे पडले. त्याने दोन जखमी सोबत्यांना एकामागून एक उचलून, खोल पाण्यातून आणि सुरुंग पेरलेल्या काठावरून मागे पोचवले. मग एकटा परत गेला. हाताला गोळी लागल्यावर बंदूक टाकून हातबॉम्ब फेकत त्याने तीन यांत्रिक तोफांची ठाणी बंद पाडली आणि बांधावर चढून मराठ्यांची युद्धगर्जना दिली. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि तो घरी परत आला. माणगाव तालुक्यातला यशवंत घाडगे परत आला नाही. टायबर नदीच्या खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी शत्रूचे ठाणे एकट्याने घेताना तो पडला. वय बावीस. त्याची कबर सापडलेली नाही; नाव कास्सिनोच्या स्मारकावर आहे.

ही मुले स्वतंत्र देशाची नव्हती. ज्या इंग्रजांनी त्यांच्या पुढाऱ्यांना तुरुंगात ठेवले होते, त्यांच्याच फौजेत ती पगारावर होती. फॅसिझम म्हणजे काय, यावर त्यांना कुणी व्याख्यान दिले असेल असे वाटत नाही. पण मोबाइलवरच्या त्या चित्रातले राज्य त्यांनी समोरून पाहिले होते, नदीच्या पलीकडच्या काठावरून गोळ्या झाडताना.

दाराशी भिंतीतल्या कोनाड्यात नोंदवही ठेवलेली होती. तळघरातल्या वहीइतकी ती भरलेली नव्हती. मी सावकाश पाने चाळली, खाली तारीख घातली आणि देवनागरीत नाव लिहिले. नातीने वाकून अक्षरे पाहिली आणि विचारले, "यांच्यातले कुणी तुमच्या गावाकडचे होते का?"

मी म्हटले, "पुष्कळ."